रीफ टँकमध्ये आधी कोळंबी मरते

नव्या रीफ टँकच्या घरी एक प्रसंग हमखास घडतो. संध्याकाळी दुकानातून दोन पिशव्या येतात. एकीत क्लाउनफिश, दुसरीत लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली क्लीनर कोळंबी. पिशव्या पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा आणि मग दोघांना सोडून द्या, एवढंच दुकानदाराने सांगितलेलं असतं. मासा रात्रीच दाणे टिपायला लागतो. कोळंबी मात्र सकाळी तळाशी आडवी पडलेली दिसते. मग फोनवर जुंपते. मालक म्हणतो माल खराब होता, दुकानदार म्हणतो तुमचं पाणी खराब आहे. पुष्कळदा दोघांचंही चुकलेलं असतं. दुकानातलं पाणी १.०२१ विशिष्ट गुरुत्वाचं असतं आणि घरातलं १.०२६ चं. दोन्ही पाणी आपापल्या जागी ठीक असतात. कोळंबी गेली ती खारटपणातल्या मधल्या फरकाने.

माशाला हा फरक बराचसा सोसतो. त्याच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतो आणि तो तेवढाच राखायची यंत्रणा त्याच्या अंगात असते. तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. प्रवाळ, गोगलगाई, तारामासे आणि रीफवरच्या बहुतेक कोळंब्या यांना ही सोय जवळजवळ नाहीच. त्यांच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच खारट असतं, त्यामुळे बाहेर झालेला बदल थेट पेशींपर्यंत पोचतो. या जिवांची निगा राखायची म्हणजे मुख्यतः पाणी जागेवर ठेवायचं. आकडा पुस्तकातल्यापेक्षा थोडा इकडेतिकडे असला तर ते निभावून नेतात, पण रोज हलणारा आकडा त्यांना झेपत नाही.

पाण्याकडे वळण्याआधी कायद्याचं बोलायला हवं, कारण भारतात ही गोष्ट दुकानदार सहसा स्वतःहून सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सगळे टणक, रीफ बांधणारे प्रवाळ आले. त्यांच्याबरोबर काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, समुद्रपंखे, समुद्रकाकड्या आणि समुद्रघोडेही आले. वाघाला जी अनुसूची, तीच यांना. शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्या जागी हलवावे लागले. ज्या कायद्यापुढे महापालिकेला थांबावं लागतं, तो दिवाणखान्यातल्या टाकीलाही लागू आहे. अॅक्रोपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन अशा नावांनी कुणी तुकडा विकायला आणला तर तो टणक प्रवाळ आहे हे ओळखावं आणि नको म्हणावं. समुद्रकिनाऱ्यावर विकत मिळणारा मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडाही त्याच कायद्याखाली येतो, त्यामुळे तो टाकीत सजावट म्हणूनही ठेवू नये. वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या यादीतले विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांसाठी २०२४ पासून ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणीचे नियमही आले आहेत. काहीही घेताना बिलावर शास्त्रीय नाव लिहून मागावं. दुकानदार त्याला कां-कूं करू लागला तर उत्तर मिळालंच.

मग उरतं काय? नवशिक्यासाठी भरपूर उरतं. मशरूम कोरल, झोअँथिड, टोडस्टूल आणि इतर लेदर कोरल हे मऊ गोत्रातले जीव या यादीत नाहीत आणि योगायोगाने तेच सर्वांत सोशिकही आहेत. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांना टाक्यांमध्येच वाढवलेले टणक प्रवाळांचे तुकडे कायदेशीरपणे मिळतात. तरीही त्यांनी पहिलं वर्ष मऊ प्रवाळांवर काढलं तर खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाचतील.

टाकीची सुरुवात खडकापासून होते. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मत्स्यमासिकात आपल्या टाक्यांची पद्धत मांडली. समुद्रातला जिवंत खडक, वरून ऊन आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांच्याकडे प्रवाळ जगत होते. त्या काळी खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे निर्जंतुक, दवाखान्यासारखी काचपेटी असायची, त्यामुळे हा विचार चक्रावणारा होता. खडकाच्या सच्छिद्र पोटात राहणारे जिवाणू घाण पचवतात, ही त्यातली खरी किल्ली. आज समुद्रातून खडक उचलण्याची गरज नाही आणि आपल्याकडे तशी मुभाही नाही. कृत्रिम सिरॅमिक खडक किंवा तयार केलेले कोरडे खडक तेच काम करतात, फक्त त्यांच्यावर जिवाणूंची वस्ती बसायला वेळ लागतो.

तो वेळ चार ते सहा आठवडे धरावा. पाण्यात अमोनियाचा स्रोत टाकला की एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे नायट्रेट. सुमारे २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर वस्ती बसली असं समजावं. बाटलीतले जिवाणू हा काळ कमी करतात, पण चाचणी न करता नुसत्या बाटलीवर भरवसा ठेवणारे लोकच पुढे फोनवर भांडतात.

आता पाणी. नळाचं पाणी चालत नाही, बोअरचं तर नाहीच. क्लोरीन, फॉस्फेट, सिलिका, जुन्या नळातलं तांबं यातलं काय आणि किती येईल सांगता येत नाही. आरओ हवाच, पण स्वयंपाकघरातला आरओ पुरेसा नाही. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून त्यात टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलचं कार्ट्रिज बसवलेलं असतं, म्हणजे एका हाताने काढलेले क्षार दुसऱ्या हाताने परत घातले जातात. टाकीसाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा टप्पा असलेलं युनिट लागतं आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसावं लागतं. या पाण्यात रीफसाठीचं मीठ, बहुतेक ब्रँडचं लिटरला ३५ ते ४० ग्रॅम, घालून छोटा पंप लावून ढवळत ठेवावं आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी वापरावं. जुहू किंवा दादरच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणण्याचा मोह टाळावा. शहराचं सांडपाणी त्याच समुद्रात जातं आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळचा खारटपणा कोसळतो. मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणावर लावून घ्यावा. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारं उपकरण ३५ ला चुकू शकतं.

खारटपणा ३५ पीपीटी, म्हणजे १.०२६ च्या आसपास ठेवायचा हे सगळ्यांना पाठ असतं. तो रोज बिघडतो कसा, हे मात्र लक्षात राहत नाही. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. शंभर लिटरच्या टाकीवर पंखा लावला आणि दिवसाला ३ लिटर पाणी उडालं, तर एका दिवसात ३५ चे ३६ होतात. घरचे गौरी-गणपतीला पाच दिवस कोकणात गेले आणि पाणी भरायला कुणी नसेल, तर परत येईपर्यंत आकडा ४१ च्या पुढे गेलेला असतो. मासे दमलेले दिसतील, गोगलगाई बहुधा दिसणारच नाहीत. म्हणून आपोआप पाणी भरणारं ऑटो टॉप-ऑफ हे उपकरण चैनीचं नाही. प्रवाळाच्या पहिल्या तुकड्याआधी त्याचे पैसे बाजूला काढावेत. भरायचं ते गोडं आरओचं पाणी, खारं नव्हे.

दुसरी हलणारी गोष्ट म्हणजे तापमान, आणि महाराष्ट्रात खरी लढाई याच्याशी आहे. परदेशी पुस्तकं हीटरवर पानंच्या पानं लिहितात. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीतली टाकी ३० अंश सहज ओलांडते, त्यात पंप आणि दिवे आपली उष्णता घालतात. प्रवाळांना २५-२६ अंश मानवतात, २७ अंशही स्थिर असतील तर चालतात. पृष्ठभागावर वारा सोडणारे छोटे पंखे पाणी दोन-तीन अंशांनी उतरवू शकतात. नागपूरच्या किंवा पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते झकास काम करतात, मुंबईच्या दमट हवेत मात्र बाष्पीभवन मंदावतं आणि पंखे थकतात. तिथे चिलर किंवा खोलीला एसी, याशिवाय गत्यंतर नाही. चिलर घेतला तर तो टाकीखालच्या बंद कपाटात कोंडू नये. त्याची गरम हवा तिथेच फिरत राहते, मग यंत्र चोवीस तास धडधडतं, बिल वाढतं आणि पाणी तरीही गरमच राहतं.

या एक-दोन अंशांना एवढं महत्त्व का, याचं उत्तर समुद्रात सापडतं. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याने बनवलेल्या साखरेवर प्रवाळाची बरीचशी गुजराण होते. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षाही अंशभर तापून काही आठवडे तसंच राहिलं, की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढराफटक होतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे घडलं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जगभरातलं चौथं ब्लीचिंग जाहीर केलं, त्या वर्षीही लक्षद्वीप सुटलं नाही. घरातल्या टाकीत असं व्हायला आठवडेही लागत नाहीत. शनिवार-रविवार बाहेरगावी जाणं आणि बंद पडलेला चिलर एवढं पुरतं.

दिव्यांमुळेही प्रवाळ पांढरा पडतो, आणि ही चूक हौसेपोटी होते. नवा एलईडी शंभर टक्क्यांवर लावला की निळा-जांभळा देखावा सुरेख दिसतो. पण दुकानातल्या मंद उजेडात महिनाभर राहिलेल्या मशरूमला तो भाजून काढतो. नवा तुकडा आधी तळाशी, सावलीच्या बाजूला ठेवावा. दिवा तीस-चाळीस टक्क्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर न्यावा आणि दिवसाला आठ-नऊ तासांवर थांबावं. मशरूम आणि लेदरला फार उजेड लागत नाही. उजेड कमी पडला तर ते ताणून उंच होऊ लागतात, तेव्हा वाढवायला वेळ असतो. भाजलेलं परत आणायला मात्र महिने जातात, आणि ते येईलच असं नाही.

रसायनांच्या आकड्यांबाबत नवशिक्यांचा गोंधळ होतो, कारण सल्ले टणक प्रवाळांसाठी दिलेले असतात. समुद्रात अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएच, कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास असतं. सांगाडा बांधणारे प्रवाळ हे झपाट्याने वापरतात, म्हणून त्यांच्या टाकीत रोज डोस द्यावे लागतात. मऊ प्रवाळांच्या टाकीत आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की चांगलं मीठच सगळं भरून काढतं. दुकानातल्या रंगीत बाटल्या पहिल्या सहा महिन्यांत फडताळातच राहू द्याव्यात. अल्कलिनिटी चुकून घसरलीच तर दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नये.

नायट्रेट आणि फॉस्फेट यांच्या बाबतीत उलटा गैरसमज आहे. ते शून्य असणं म्हणजे पाणी उत्तम, असं अनेकांना वाटतं. प्रवाळांना थोडं पोषण लागतं. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असेल तर शेवाळही आटोक्यात राहतं आणि प्रवाळही उपाशी राहत नाहीत. दोन्ही शून्यावर आणलेल्या नव्या टाकीत डायनोफ्लॅजेलेटचा तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर हमखास पसरतो आणि तो हटवणं साध्या शेवाळापेक्षा फार जिकिरीचं असतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाळूवर तपकिरी भुकटी दिसते, मग लालसर बुरशीसारखा थर येतो, मग हिरवे केस. हा क्रम जवळजवळ प्रत्येक टाकीत येतो. हाताने काढावं, पाणी बदलावं, खाणं कमी टाकावं आणि औषधाच्या वाटेला जाऊ नये.

औषधाचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे तांबं. माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी मिळणाऱ्या अनेक औषधांत ते असतं. मासा बरा होतो, पण त्याच मात्रेत कोळंब्या, गोगलगाई आणि प्रवाळ मरतात. गंमत अशी, की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या रेणूतच तांबं असतं, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं तिला सोसत नाही. खडक आणि वाळू ते शोषून ठेवतात, म्हणून एकदा औषध टाकलेली जुनी टाकी स्वस्तात मिळाली तरी तिचे खडक घेऊ नयेत. माशांवरचे उपचार वेगळ्या, बिनखडकांच्या टाकीतच करावेत.

शेवाळ आणि उरलंसुरलं अन्न खाणाऱ्या सफाईच्या पथकाची खरेदीही बेताने करावी. दुकानदार शंभर लिटरला वीस-पंचवीस गोगलगाई सुचवतो. नव्या टाकीत एवढं शेवाळच नसतं, मग त्या एकामागून एक उपाशी मरतात आणि सडून अमोनिया वाढवतात. चार-पाच सेरिथ आणि दोन-तीन नासारियस यांवर सुरुवात करावी. नासारियस वाळूत गाडून घेतलेली असते आणि अन्नाचा वास लागला की फक्त सोंड वर काढते. ती दिसली नाही म्हणून मेली समजून वाळू उकरू नये. अॅस्ट्रिया जातीची गोगलगाय उलटी पडली तर तिला स्वतः सुलटी होता येत नाही, रोज एक नजर टाकून तिला सरळ करावं लागतं. शंखात राहणारे हर्मिट खेकडे कामसू असतात, पण मोठं घर हवं झालं की गोगलगाईला मारून तिचा शंख बळकावतात. त्यांच्यासाठी थोडे मोठे रिकामे शंख आधीच टाकून ठेवावेत. अंदमानच्या बाजूचा मोठा ट्रोकस आणि हिरवा टर्बो यांच्यासारख्या काही शंखांनाही कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून इथेही बिलावर नाव हवंच.

पहिल्या प्रसंगातली कोळंबी वाचवायची कशी? पिशवी तापमानासाठी पंधरा मिनिटं तरंगू द्यावी, मग ती स्वच्छ बादलीत रिकामी करावी. हवेच्या नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने बादलीत सोडावं. दीड-दोन तासांनी दोन्हीकडचा खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजून सारखा झाल्यावर कोळंबीला जाळीत घेऊन टाकीत सोडावं आणि बादलीतलं पाणी फेकून द्यावं. परगावाहून कुरियरने आलेल्या पिशव्यांना मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नये. बंद पिशवीत दीड दिवस साठलेला अमोनिया कमी पीएचमुळे बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा आधी मोजावा, तेवढ्याच खारटपणाचं ताजं पाणी एका भांड्यात तयार ठेवावं, जिवाला लगेच त्यात घ्यावं आणि बदल तिथून हळूहळू करावा.

काही दिवसांनी सकाळी टाकीच्या कोपऱ्यात कोळंबी मेलेली दिसेल. मिशा, पाय, डोळ्यांच्या जागा, सगळं जागच्या जागी, पण अंग पारदर्शक आणि हलकं. हात घालण्याआधी खडकाच्या कपारीत वाकून पाहावं. खरी कोळंबी तिथे दबा धरून बसलेली असते आणि तळाशी पडलेली असते ती तिने टाकलेली कात. नवं कवच कडक होईपर्यंत ती बाहेर येत नाही, कारण त्या वेळी तिला कुणीही खाऊ शकतं.

टोडस्टूल लेदर असाच घाबरवतो. एखाद्या दिवशी त्याचे केसासारखे पॉलिप आत ओढले जातात, टोपी आक्रसते आणि तिच्यावर मेण चोपडल्यासारखी चमक येते. मालक पाण्याच्या चाचण्या करत बसतो, तुकडा इकडून तिकडे हलवतो. प्रत्यक्षात लेदर अंगावरचा जुना थर शेवाळासकट सोलून टाकत असतो. आठवडाभर, कधी त्याहून जास्त, तो असाच राहतो. पंपाचा झोत त्याच्यावर थोडा जास्त सोडला की पापुद्रा सुटायला मदत होते. तो परत उघडतो तेव्हा बहुधा आधीपेक्षा थोडा मोठा असतो.

ॲनिमोन पहिले सहा-आठ महिने घेऊ नये. क्लाउनफिश आहे म्हणजे ॲनिमोन हवाच, हा सिनेमाने लावलेला हट्ट आहे. टाकीत जन्मलेली क्लाउनफिश त्याच्याशिवाय खुशाल जगते. ॲनिमोनला जागा पटली नाही तर तो चालू लागतो आणि रात्रीतून पंपाच्या जाळीत सापडून चिरडला जातो. मग त्या एका मरणाने सगळी टाकी नासते.

वीज गेल्यावर आधी संपतो तो प्राणवायू. पंप थांबले की माशांबरोबर खडकातले जिवाणूही श्वास घेतच राहतात आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप कपाटात तयार ठेवावा. लोडशेडिंगच्या भागात राहणाऱ्यांनी पाणी हलतं ठेवणारा निदान एक वेव्हमेकर पंप घरच्या इन्व्हर्टरवर जोडावा. दिवे बंद राहिले तर दोन दिवसांत काही बिघडत नाही.

शेवटची सूचना टाकीच्या मालकासाठी आहे. झोअँथिड आणि विशेषतः त्यांचा तपकिरी भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. हवाईतल्या पॅलिथोआतून ते १९७१ मध्ये वेगळं काढलं गेलं आणि ते निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या एका घरात टाकी साफ करताना ते हवेत पसरलं आणि कुटुंबाबरोबर मदतीला आलेल्या अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. अलास्कातल्या अँकरेज शहरातही २०१२ ते २०१४ दरम्यान अशी प्रकरणं नोंदली गेली. झोअँथिडचा तुकडा कापताना हातमोजे आणि चष्मा हवा, खिडक्या उघड्या हव्यात, मुलं आणि कुत्री-मांजरं खोलीबाहेर हवीत. हे प्रवाळ चिकटलेला खडक कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये किंवा ब्रशने खरवडू नये. हातावर जखम असेल तर त्या दिवशी काम पुढे ढकलावं. कापल्यानंतर तोंडाला कडवट-धातूसारखी चव आली, ताप भरला, धाप लागली किंवा डोळे जळजळू लागले, तर थेट रुग्णालय गाठावं आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हे नाव कागदावर लिहून द्यावं, कारण साध्या फ्लूची आणि या विषाची लक्षणं सुरुवातीला सारखीच दिसतात.